कातळासुराला मरायला वेळ लागतो

रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजारपेठेत हरिश्चंद्राची पिठाची गिरण आहे. घावण्यांचं पीठ, मोदकांचं पीठ, नाचणी, कुळीथ, काय हवं ते दळून मिळतं. बोलणं तेवढं मिळत नाही. दिवसभर पट्टा घरघरत असतो, त्यावरून बोलायचं तर घसा फाडावा लागतो, म्हणून हरिश्चंद्र डब्याकडे बोट दाखवतो, काट्याकडे बोट दाखवतो आणि व्यवहार उरकतो. घरी गेल्यावर चुकून तोंड उघडलं, तर आवाज मात्र गिरणीच्या वरच्या पट्टीतलाच निघतो. त्यानं पाणी मागितलं की शेजारची सून तांब्या घेऊन बाहेर येते, अशी गावात त्याची थट्टा चालते.

पिठानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला, मुंगीला वाट देऊन चालणारा हा माणूस वर्षातून एकदा, शिमग्यात, राक्षस होतो.

त्याचं गाव पालीपासून आत आहे. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, सड्यावर काळाभोर कातळ. त्या कातळावर म्हणे कातळासुर राहायचा. देवीनं त्याचं मुंडकं उडवलं की तो खाली कोसळायचा, आणि कातळाला अंग लागलं की नवं मुंडकं फुटून उभा राहायचा. शेवटी देवीनं त्याला तलवारीच्या टोकावर उचलला, अधांतरी धरला, आणि त्याचं रक्त उतारावरून खाली वाहू दिलं. आमची माती तेव्हापासून लाल. शाळेत मास्तर मातीतल्या लोखंडाचं कारण सांगतात. तेही असेल.

गावच्या नमनात, म्हणजे शिमग्यातल्या रात्रीच्या खेळात, या कातळासुराचं सोंग काढायचा मान हरिश्चंद्राच्या घराचा. दुसऱ्यानं तो शिवणीच्या लाकडाचा मुखवटा नुसता हातात घेतला तरी म्हातारी माणसं डोळे वटारतात. आणि या सोंगाचे दोन रिवाज आहेत, ते आधीच सांगितलेले बरे. एक म्हणजे, कातळासुर मरताना देवीला गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागणीला सारा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. दुसरा म्हणजे, मेलेल्या कातळासुराच्या तोंडावरचा मुखवटा त्याच्याच घरच्या माणसानं उतरवायचा. तोवर आतल्या माणसानं उठायचं नाही. परक्यानं उतरवला तर सोंगाबरोबर माणूसही निजून राहतो म्हणतात.

हा मुखवटा आधी हरिश्चंद्राच्या थोरल्या भावाकडे, आप्पाकडे होता. आप्पा मुंबईला गोदीत कामाला. रजा मिळो न मिळो, शिमग्याला गावात हजर. आणि काय मरायचा तो! माणसं उठून भजी खाऊन यायची, वर चहा पिऊन यायची, तरी आप्पाचं मरणं चालूच. गाऱ्हाण्यात तो देवीला काजूच्या बागेतली वानरं सांगायचा, वस्तीच्या एसटीचा उशीर सांगायचा, सरपंचाच्या नव्या चपला सांगायचा. माणसं पोट धरून हसायची आणि हसता हसता कुठल्या वाक्याला त्यांचे डोळे भरले ते त्यांनाच कळायचं नाही.

मग ते करोनाचं, बंदचं वर्ष आलं. आप्पा मुंबईत, दवाखान्यात, एकटा गेला. त्याची बायको मथुरा आणि मुलगी अक्षया दवाखान्याच्या दाराशी सोडा, रस्त्यावरसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत. मुखवटा हरिश्चंद्राच्या तोंडावर आला.

हरिश्चंद्र चटकन मरायला लागला. निमित्तही आयतं मिळालं. दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा नियम कडक झाला, नमन आवरतं घ्यायची वेळ आली. गवळण कापली तर तरुण मंडळी रुसतील, संकासुर कापला तर लहान पोरं. तेव्हा हरिश्चंद्रच बैठकीत म्हणाला, ‘‘माजा मरान कापा.’’ सगळ्यांना त्याच्या मनाचा मोठेपणा वाटला. खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. मुखवट्याच्या आतल्या लाकडाला अजून आप्पाच्या घामाचा आणि तपकिरीचा वास येई. तो घालून उताणं पडलं की हरिश्चंद्राच्या छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं होई. म्हणून तो पडे, पाय झाडे आणि आपल्याच हातानं मुखवटा ओढून उठे. ना गाऱ्हाणं, ना काही. गेल्या शिमग्याला तो मेला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं मोबाइलमध्ये बघत होती, आणि एकानं मान वर करून विचारलं, ‘‘मेला पण?’’

ते त्याला लागलं. त्यानं गावकारांना, म्हणजे गावच्या मानकऱ्यांना, जाऊन सांगितलं, हा पुढचा एक शिमगा काढतो, मग मुखवटा देवळात ठेवा आणि ज्याला द्यायचा त्याला द्या. मान घरातून जाणार म्हणून त्याला रडू आलं आणि सुटलो म्हणून हायसंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

अशात माघ महिन्यात पिठाचं पोतं उचलताना त्याचं पोटातलं आतडं सरकलं. हर्नियाचं ऑपरेशन रत्नागिरीत झालं. डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस जवळच राहा, उचलू नका, खोकू नका, हसू तर अजिबात नका. मथुरा आणि अक्षया आता रत्नागिरीतच भाड्यानं राहत होत्या. हरिश्चंद्राची रवानगी त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर झाली.

अक्षया रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळपासून लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, सुई टोचायची. पोरगी हसतमुख, हात हलका. पण संध्याकाळी घरी आली, चहा घेतला, की टीव्हीला फोन जोडायची आणि जपानी कार्टूनची मारामारी लावून बसायची.

पहिल्या दिवशी हरिश्चंद्रानं भिंतीकडे तोंड केलं. लहान पोरांची चित्रं, आपल्याला काय. मग मागून असा काही आवाज आला, आपली गिरण दाणे संपल्यावर रिकामी फिरली की करते तसा. तो वळला.

पडद्यावर एक फाटक्या कपड्यांचा, एका डोळ्याचा पोरगा उभा होता. हातात तलवार, तीही टोक मोडलेली. समोर सहा हातांचा सेनापती, देवळाच्या कळसाएवढा उंच. सेनापतीनं एक हात फिरवला आणि पोराचा डावा हात खांद्यापासून उडून नदीपलीकडे जाऊन पडला. रक्ताचं कारंजं उडालं ते थेट ढगापर्यंत.

‘‘अगो, हात तुटला त्याचा!’’ हरिश्चंद्र गिरणीच्या आवाजात म्हणाला. वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली.

‘‘तुटला,’’ अक्षया चिवडा खात म्हणाली.

‘‘मग वरडत कसा नाय तो?’’

‘‘ओरडेल ना. आधी आपल्या वाराचं नाव सांगेल, मग मारेल.’’

‘‘नाव कशाला सांगायचा? समोरचा सावध नाय व्हणार?’’

‘‘सावध झालेल्याला मारायचं, काका. बेसावध माणसाला कुणीपण मारतं.’’

हरिश्चंद्राला हे पटलं. नमनातही कुणी आपलं नाव, गाव, बापाचा पराक्रम सांगितल्याशिवाय तलवार उपसत नाही. ही जपानी माणसं आमच्यात कधी येऊन बघून गेली, असा त्याला प्रश्न पडला.

पोरानं तुटका खांदा दातांनी फडक्यात बांधला, वाराचं लांबलचक नाव घेतलं, आणि त्या मोडक्या तलवारीनं सेनापती तर कापलाच, मागचा डोंगरही कापला. डोंगर सावकाश घसरत खाली आला. डोंगराच्या पोटातून पाखरं उडाली. हरिश्चंद्रानं टाके सुटू नयेत म्हणून उशी पोटावर घट्ट दाबून धरली होती. तोंडाचा आ तसाच होता. मथुरा आतून चहाचे कप न्यायला आली, दीराकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! पोरगी दिवसभर लोकांचं रक्त काढते, आता भावोजीपण रक्तात न्हाऊन बसले.’’ पडद्याकडे तिनं बघितलं नाही. ती कधीच बघत नसे.

दुसऱ्या दिवसापासून हरिश्चंद्र दुपारपासूनच घड्याळाकडे बघायला लागला. अक्षयाची चप्पल जिन्यात वाजली की उशी पोटावर घेऊन तयार. इंग्रजी अक्षरं खाली पळायची, ती त्याला लागत नव्हती. अक्षया मराठीत सांगत जायची आणि सांगता सांगता अंगात आल्यासारखी उभी राहायची. त्यानं जे बघितलं ते त्याच्या डोक्यात मावत नव्हतं. माणसं भिंती फोडून पलीकडच्या भिंतीतून बाहेर येत होती. पाठीत बारा बाण घेऊन एक म्हातारी लढत होती आणि मध्येच थांबून नातवाच्या शर्टाचं बटण लावत होती. आरे-वारेची लाट पावसाळ्यात रस्त्यावर येते तशी रक्ताची लाट आली, आणि त्या लाटेवरून एक मुलगी धावत गेली. हे खोटं आहे, एवढं रक्त माणसात नसतं, हे हरिश्चंद्राला कळत नव्हतं असं नाही. अक्षयाच्या लॅबमध्ये छोट्या नळीत जेवढं मावतं तेवढ्यानंच माणूस पांढरा पडतो. पण ज्यानं हे काढलं, त्यानं रागाचं, दुःखाचं जेवढं माप असतं तेवढं रक्त काढलं आहे, असं त्याला वाटलं. हातचं राखून काही ठेवलेलं नव्हतं. आपण मात्र दर वर्षी पाय झाडून उठतो, हे त्याला आठवलं आणि कॉटवर पडल्या पडल्या लाज वाटली.

मग सेनापतीच्या मरणाचा दिवस आला. तो डोंगराबरोबर मेला नव्हता, असली माणसं एका डोंगरानं मरत नाहीत. पोरानं त्याचे हात एक एक करून उडवले, आणि शेवटी मान. मुंडकं हवेत उडालं. आणि तिथेच सगळं थांबलं. रक्ताचे थेंब करवंदासारखे हवेत लटकले.

मुंडकं बोलायला लागलं. सेनापती लहान होता, नदीवर नाव वल्हवायचा. पुरात धाकटी भावंडं वाहून गेली, तो दोन हातांनी दोघांनाच धरू शकला. तेव्हा त्यानं देवाकडे जास्तीचे हात मागितले होते. हात मिळाले, तेव्हा धरायला कुणी राहिलं नव्हतं. तो बोलत राहिला. आणि ज्यानं त्याची मान उडवली होती तो एका डोळ्याचा पोरगा तलवार म्यान करून शेजारी मातीत बसला आणि ऐकत राहिला. सगळं सांगून झाल्यावर त्यानं सेनापतीला त्याच्या लहानपणच्या नावानं हाक मारली. मग थेंब खाली पडले.

हरिश्चंद्राच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ते त्यानं पुसलंही नाही. मारणाराच ऐकायला बसला! असं काही आपण जन्मात बघितलं नाही, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं की बघितलं आहे, दर शिमग्याला बघितलं आहे. देवी तलवार टेकून उभी राहायची आणि आप्पा बोलत असायचा.

‘‘मुंडका तुटल्यावर इतका कसा बोलतो गो?’’ त्यानं विचारलं. या वेळी आवाज बारीक होता.

‘‘बोलू देतात, काका. सगळं आठवून, सगळं सांगून झाल्याशिवाय इथे कुणाला मरूच देत नाहीत. वाईट माणसालासुद्धा नाही.’’ तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. ‘‘म्हणून तर बघते मी.’’

तिनं फोनची वायर बोटाला गुंडाळायला घेतली.

‘‘पप्पांचा शेवटी फोन आला होता. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता, नीट ऐकूच येत नव्हतं. मला म्हणाले, नंतर बोलतो. नर्सनं फोन घेतला. नंतर काही बोललेच नाहीत. काय बोलायचं होतं त्यांना, काका? मी अजून विचार करते.’’

आतल्या खोलीत मथुरा नारळ खवत होती. खवणीचा आवाज थांबला होता.

हरिश्चंद्र उशी बाजूला ठेवून उठून बसला. त्यानं पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. पण त्या रात्री त्याला कळलं, आपण आप्पाचं मरण नमनातून कापलं. एकदा दवाखान्यानं कापलं होतं, दुसऱ्यांदा आपण. तेही आपल्या तोंडानं, भर बैठकीत.

निघताना त्यानं पिशवी हातात घेतली आणि दारातूनच म्हणाला, ‘‘वहिनी, ह्या वर्साला शिमग्याला या.’’ आप्पा गेल्यापासून मथुरा शिमग्याला गेली नव्हती. ती आत स्वयंपाकघरात गेली. चार घावणे बांधून आणून तिनं त्याच्या पिशवीत घातले.

गावात परतल्यावर त्यानं बैठकीत जाहीर केलं, ‘‘उड्या माराला डाक्टर नको बोललाय. मारामारी शुभंकर करंल. मी मरंन. पन पुरता मरंन, गाऱ्हान्यासकट.’’

शुभंकर टेम्पो चालवतो आणि नमनात लुगडं नेसून देवी होतो. तो म्हणाला, ‘‘काका, दहाला माईक बंद. पोलीस येतात.’’

‘‘माईकला बंदी हाय. माज्या घशाला नाय.’’

गावकार म्हणाले, शेवटचंच वर्ष आहे त्याचं, करू दे मनासारखं.

शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या अंगणात, बसली. दिवेलागणीला गण झाला, गवळण झाली, संकासुरानं पोरांना पळवून पळवून दमवलं. कातळासुर आला तो हळूहळू, एका जागी पाय रोवून उभा राहिला. उडी नाही, गिरकी नाही. पण शुभंकरनं तलवार उचलताच तो गरजला, ‘‘थांब! कुठल्या वारानं मारनार, त्याचा नाव सांग!’’

हे वगात नव्हतं. शुभंकर गडबडला, मग पदर खोचून म्हणाला, ‘‘सडाफोड वार!’’ पुढच्या रांगेतल्या पोरांनी मोबाइल खाली ठेवले. बायकांच्या घोळक्यातून अक्षयाची शिट्टी आली. ती आली होती. तिच्या बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली कुणीतरी होती. मुखवट्याच्या भोकांतून नीट दिसेना.

मृदंग कडाडला. कातळासुर पडला, उठला, पडला, उठला, आणि शेवटचा उताणा कोसळला. आप्पाचा वास नाकात भरला. छातीवरचं जातं आलं. हरिश्चंद्रानं पाय झाडले नाहीत. त्यानं तोंड उघडलं.

‘‘व्हय गो आये, सड्याच्या मालकिनी! तुज्या हातनं मरतंय त्याचा मना दुख नाय. पन मराच्या आदी गाऱ्हाना आयक! वानरांनी काजू खाल्लान, त्यांना कोल्हापूरच्या वाटंला लाव म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ गाव हसत ओरडला. किती वर्षांनी ओरडला.

‘‘पालीच्या रस्त्यावरचा खड्डा माज्यापेक्षा मोठा राक्षस हाय, त्याचा आदी मुंडका उडव म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

तेवढ्यात दहा वाजले आणि माईकवाल्यानं बटण दाबलं. सहाणेवर एकदम सामसूम झाली. शुभंकरनं तलवार टेकली आणि, कुणी सांगितलेलं नसताना, देवी लुगडं सावरून राक्षसाच्या उशाशी मातीत बसली.

हरिश्चंद्राचा आवाज आता नुसता निघाला. गिरणीवरून जाणारा तो आवाज सहाणेच्या पार टोकाला, आंब्याखाली उभ्या असलेल्या माणसांना लागला.

‘‘आये, माजा थोरला भाव व्हता. वर्सावर्साला तुज्या पायाशी मेला, आन् वर्सावर्साला उठला. येकदाच तुज्यापासून लांब मेला, तवा नाय उठला. त्याच्या उशाला कोन नव्हता. त्याच्या तोंडावरचा मुखवटा घरच्या मानसानं नाय उतरवला, परक्यानं उतरवलान. त्याला बोलाचा व्हता, तो ऱ्हायला. तो बोल आज माज्या तोंडानं तुला पोचता कर. मी कापला व्हता, ती माजी चूक पदरात घे. आन् माज्या आप्पाला, वनवनत असंल तितनं हात धरून, त्याच्या वाटंला लाव म्हाराजा!’’

कुणी हसलं नाही. कुणी ‘व्हय’ही म्हणालं नाही. गाऱ्हाण्याला उत्तर पडलं नाही तर ते अर्धं राहतं, हे तिथल्या पोरासोरांना माहीत होतं, तरी कुणाच्या तोंडून शब्द फुटेना.

मग बायकांच्या बाजूनं एक आवाज आला. तिथून उत्तर द्यायची रीत नाही. पण आला, फाटलेला, उंच.

‘‘व्हय म्हाराजा!’’

मथुरा पदर मागे टाकून उभी होती. आणि तिच्या मागोमाग सगळा गाव असा गरजला की आंब्यावरची वटवाघळं उडाली.

कातळासुर मेला. मेल्यासारखा पडला नाही, मेलाच. मृदंगवाला थाप द्यायचंही विसरून गेला.

अक्षया पुढे आली. पोरीनं सहाणेवर जायचं का, असं कुणाच्या मनात आलंही असेल, पण गावकारच बाजूला सरकले. ती काकाच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली. रोज शीर शोधणाऱ्या त्या हलक्या हातांनी तिनं मागची दोरी सोडली आणि मुखवटा उतरवला. तो उलटा करून तिनं नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

हरिश्चंद्र आभाळाकडे बघत पडून होता. टाके ओढल्यासारखे दुखत होते, पण छातीवर काही नव्हतं.

‘‘काका,’’ अक्षया नाक ओढत म्हणाली, ‘‘एकदम भारी मेलात.’’

तो तिचा हात धरून उठून बसला. गावकार मुखवटा घ्यायला पुढे झाले होते. आज तो देवळात जायचा होता, ठरलंच होतं तसं. हरिश्चंद्रानं तो अक्षयाच्या मांडीवरून उचलला आणि आपल्या काखेत मारला.

‘‘पुढच्या वर्साला नमन जरा लवकर चालू करा,’’ तो म्हणाला. ‘‘मना मराला वेळ लागतो.’’